तीन फुटांच्या टाकीत अख्खं रीफ मावेल का?

नमस्कार.

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्हालाही समजेल. घर घोडबंदर रोडला, सातव्या मजल्यावर. लेकीच्या आठव्या वाढदिवसाला तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आणलीत. दुकानदाराने पिंपातून आणलेलं पाणी ओतलं आणि त्याच संध्याकाळी दोन क्लाउनफिश, एक निळा टँग, एक मँडरिन, एक क्लीनर रास असे मासे, शिवाय एक निळा तारामासा आणि एक ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आत सोडला. 'हे सगळे एकाच रीफवरचे (म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकावरचे), एकमेकांच्या ओळखीचे' असं वर सांगितलं. एकोणीस दिवसांत तारामासा विरघळला. टँगच्या अंगावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखे ठिपके आले आणि तो गेला. मँडरिन वाळत गेला, रास टाकीमागे फरशीवर कोरडा सापडला, ॲनिमोन पंपात अडकून फाटला. उरले दोन क्लाउन, आणि त्यातला मोठा लहान्याच्या मागे लागलेला असतो. तुम्ही विचारताय: चुकलं कुठे, हेच प्राणी परत आणायचे तर टाकी किती मोठी हवी, आणि त्या दोघांतला एक बाहेर काढावा का. शिवाय लेकीचं म्हणणं, 'मला पूर्ण रीफ हवं.'

मी ठाणे-नवी मुंबईत खाऱ्या पाण्याच्या टाक्या लावते आणि सांभाळते. १९ वर्षं झाली. दवाखाने, हॉटेलं, वाशी-नेरुळचे बंगले आणि टू-बीएचकेचे असंख्य हॉल. पहिल्याच वर्षी मीही एक निळा टँग अगदी याच पद्धतीने मारला होता, तेव्हा उपदेश करायचा मला फारसा हक्क नाही. तुमची टाकी मी पाहिलेली नाही, अमोनियाचा आकडा तुम्ही दिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी अंदाजाने सांगते. पण तुमच्या यादीतला प्रत्येक प्राणी कशाने गेला असेल हे तो रीफवर काय खातो आणि कसा राहतो त्यावरून बऱ्यापैकी ओळखता येतं.

दुकानदार एका अर्थी खोटं बोलला नाही. यादीतले बहुतेक प्राणी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर खरोखर राहतात. तिथे मी एकदाच गेले, केर्न्सहून बोटीने, आणि पाण्यात डोकं घातल्यावर पहिल्या दहा मिनिटांत यातले तीन प्राणी दिसले. पण त्या रीफची लांबी आहे सुमारे २,३०० किलोमीटर. लहानमोठी मिळून जवळपास ३,००० रीफ. तिथल्या सागरी उद्यानाचं क्षेत्र ३,४४,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठं. दीड हजारांहून जास्त जातींचे मासे, जगातल्या सात समुद्री कासवांपैकी सहा. 'एकाच रीफवरचे' या शब्दाला तिथे फारसा अर्थ नाही. गडचिरोलीचा माणूस आणि मालवणचा माणूस दोघेही महाराष्ट्रातलेच, म्हणून काही ते शेजारी होत नाहीत.

तरी खरी अडचण अंतराची नाही. सकाळी जांभळी नाक्याच्या बाजारात गेलात तर हमाल, चहावाला, आडत्या, भाजीवाली सगळे दिसतात. त्यातला एकेक उचलून तुमच्या हॉलमध्ये बसवला तर जांभळी नाका तयार होत नाही, नुसती बेकार माणसं तयार होतात. तुमच्या टाकीत तेच झालं. सगळ्यांचाच धंदा बाहेर राहिला.

क्लीनर रासपासून सुरुवात करते, कारण त्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. बोटाएवढा मासा, निळा-पांढरा, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. रीफवर याचं ठरलेलं दुकान असतं, एखादा ठळक दगड किंवा प्रवाळाचा उंचवटा. मोठे मासे तिथे येतात, अंग सैल सोडतात, तोंड आ वासतात, कल्ले उघडतात. हा त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, थेट तोंडात शिरून दात साफ करतो आणि जिवंत बाहेर येतो. ग्रेट बॅरियर रीफच्या लिझर्ड बेटावर यावर वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे. एक रास दिवसाला दोन हजारांच्या वर माशांची तपासणी करतो आणि बाराशेच्या आसपास परजीवी खातो. तिथे संशोधकांनी काही छोट्या रीफवरून हे रास साडेआठ वर्षं सतत काढून टाकले. शेवटी मोजलं तर त्या रीफवर कायम राहणाऱ्या माशांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि जातींची संख्या २३ टक्क्यांनी कमी भरली. एवढासा मासा नसेल तर बाकीचे तिथे राहायलाच तयार नाहीत.

आता तुमच्या टाकीत या माणसाला गिऱ्हाइकं किती? चार. दिवसाला बाराशे परजीवी लागणारा जीव चार माशांवर कसा जगणार? बहुतेक रास उपाशी मरतात, तुमचा त्याआधीच उडाला. हे मासे उड्या मारतात, आणि झाकण नसलेली टाकी हे आपल्याकडचं मरणाचं नेहमीचं कारण आहे. झाकण बसवा. काचेचं नको, जाळीचं, म्हणजे उष्णता कोंडत नाही.

जाता जाता: याची हुबेहूब नक्कल करणारा एक तोतया मासा रीफवर असतो. रंग तोच, पट्टा तोच, नाचत पोहणंही तेच. मोठा मासा विश्वासाने जवळ आला की हा त्याचे पंख चावून पळतो. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात मी एकदा हाच रास समजून घेतला होता. ओळखायची खूण तोंडात आहे: खऱ्या रासचं तोंड नाकासमोर, तोतयाचं खालच्या बाजूला, हनुवटीशी. त्या दिवसापासून मी मासा घेताना आधी तोंड बघते, रंग नंतर.

मँडरिनचं मरण सगळ्यात हळू आणि सगळ्यात फसवं. निळ्या-केशरी नक्षीचा हा मासा दिवसभर दगडावर चोच मारत असतो, तुम्हाला वाटतं खातोय. तो शोधतो कोपेपॉड, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे कवचधारी जीव. दिवसभर एकेक टिपत राहायचं, हेच त्याचं जेवण. नव्या टाकीतल्या दगडांवर ते जवळजवळ नसतातच, आणि पाकिटातल्या दाण्यांना बहुतेक मँडरिन तोंड लावत नाहीत. पोट आत गेलं, पाठीजवळ खळगा दिसला की दोनेक आठवड्यांत संपतो. वर्ष-दीड वर्ष मुरलेली मोठी टाकी असेल तर विचार करता येतो. आत्ता नको.

निळा टँग. 'फाइंडिंग निमो'सारख्या सिनेमामुळे सगळ्या मुलांना हाच हवा असतो, आणि माझ्या धंद्यात सगळ्यात जास्त अश्रू यानेच काढलेत. दुकानात तो तीन इंचांचा असतो, कारण ते पिल्लू असतं. रीफवर ही पिल्लं फांद्या फुटलेल्या प्रवाळाच्या एखाद्या गुच्छात टोळीने राहतात, धोका वाटला की फांद्यांत घुसतात. मोठं झाल्यावर हाच मासा फूटभर होतो आणि रीफच्या बाहेरच्या अंगाला, जिथे प्रवाह जोरात वाहतो, तिथे मोकळ्या पाण्यात वाहून येणारं प्लवक खात दिवसभर पोहतो. तीन फुटांत त्याला चार शेपट्या मारल्या की काच लागते. या ताणातूनच तुम्ही पाहिलेले ते पांढरे ठिपके येतात. बाजारात त्याला व्हाइट स्पॉट म्हणतात, तो एक परजीवी आहे आणि टँगला तो सगळ्यांच्या आधी धरतो. शिवाय समुद्रातून पकडताना काही ठिकाणी आजही सायनाइड फवारतात. असा मासा दुकानात टवटवीत दिसतो आणि घरी येऊन काही आठवड्यांत जातो. हा मासा हॅचरीत (पैदास केंद्रात) वाढवणं २०१६ साली पहिल्यांदा जमलं, अमेरिकेत, आणि आपल्या बाजारात येतो तो बहुतेक समुद्रातूनच पकडलेला असतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: टँगसाठी किमान सहा फुटांची, साडेसहाशे-सातशे लिटरची टाकी. नुसतं पाणीच सातशे किलो, वर काच, दगड, लोखंडी स्टँड, खालची सम्प म्हणजे फिल्टरची टाकी. सातव्या मजल्यावर एवढं वजन कुठल्या भिंतीलगत ठेवायचं हे मी सांगू शकत नाही, तुमच्या बिल्डिंगच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारावं लागेल. शिवाय उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणारा चिलर चोवीस तास. ते बिल परवडतं का, हा प्रश्न माशाच्या किमतीहून मोठा आहे. परवडत असेल तर मी नाही म्हणणार नाही. पण आठ वर्षांच्या मुलीच्या हौसेसाठी सुरुवात तिथून करू नका.

तारामासा थोडक्यात. हे निळे तारामासे रीफच्या उथळ सपाटीवर उघड्यावर पडलेले असतात, म्हणून माणसाला ते काटक वाटतात. पाण्याच्या खारेपणात जरासा फरक पडला की ते आतून सडायला लागतात, आणि दगडावरचा जो बारीक थर खातात तो नव्या टाकीत नसतो. ग्रेट बॅरियर रीफवर याचाच एक काटेरी भाऊबंद आहे, ८० सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. तो पोट बाहेर काढून प्रवाळावर पसरतो आणि वर्षाला दहा चौरस मीटरपर्यंत जिवंत प्रवाळ खाऊन टाकतो. १९६०च्या दशकापासून त्याच्या चार मोठ्या लाटा येऊन गेल्या. त्याला खाणारा मोठा शंख माणसांनी शोकेससाठी उचलून नेला, हेही त्यामागचं एक कारण मानलं जातं. तुमच्या लेकीला ही गोष्ट जरूर सांगा, मुलांना असा खलनायक फार आवडतो.

आता ॲनिमोन आणि क्लाउन, कारण इथे तुमच्याकडे जिवंत जोडी उरली आहे. आपल्या पुस्तकांत ॲनिमोनला समुद्रफूल म्हणतात. ते फूल नाही, प्राणी आहे, आणि त्याला पाय फुटतात म्हटलं तरी चालेल. जागा आवडली नाही की रात्रीतून सरकतं. नव्या टाकीत ते हमखास भटकतं आणि भटकत पंपाच्या तोंडाशी जातं. फाटलं की पाण्यात विष सुटतं. तुमच्या टाकीतले शेवटचे दोन-तीन मृत्यू त्याच आठवड्यात झाले असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही.

त्याचा तपकिरी रंग त्याचा स्वतःचा नसतो. अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि मालकाला भाडं देतं. प्रवाळाचंही तेच. पाणी फार तापलं की हा करार मोडतो, शैवाल बाहेर फेकलं जातं आणि प्राणी पांढरा पडतो. पेपरात 'प्रवाळ पांढरे पडले' असं वाचता ते हेच. नेरुळच्या एका दवाखान्यातल्या टाकीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. मे महिना, शनिवारी रात्री चिलर बंद पडला, रविवारी दवाखाना बंद. सोमवारी मी गेले तेव्हा पाणी ३२ अंशांच्या वर. ॲनिमोन कागदासारखा पांढरा, आणि दोन्ही क्लाउन तरीही त्यावरच झोपलेले. परत तपकिरी व्हायला चार महिने लागले, रोज भरवावं लागलं. ग्रेट बॅरियर रीफवर अंशा-दीड अंशाची वाढ काही आठवडे टिकली तरी हेच होतं, फक्त तिथे चिलर दुरुस्त करायला कोणी येत नाही. १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५ अशी ती वर्षं. २०१६च्या एकाच फटक्यात नऊ महिन्यांत उथळ पाण्यातलं सुमारे ३० टक्के प्रवाळ मेलं. सगळं मेलं नाही, आणि पांढरं पडलेलं सगळं मरतंच असंही नाही. तो दवाखाना आठवला की मला हे दोन्ही एकदम आठवतं.

जगात हजारच्या वर जातींचे ॲनिमोन आहेत, क्लाउन त्यातल्या फक्त दहा जातींत राहतात. समुद्रात त्यांना त्याची गरज असते, कारण बाहेर खाणारे टपलेले असतात. टाकीत कोणी खाणारं नाही, तेव्हा ॲनिमोनशिवाय क्लाउन मजेत जगतात. वीस वर्षांहून जास्त जगलेले आहेत. एखाद्या कोपऱ्यातला दगड, कधी चक्क पंपाची नळी स्वतःची समजून तिथे झोपतात.

आणि ते भांडण. क्लाउनच्या घरात सगळ्यात मोठी मादी, तिच्या खालोखाल नर, त्याच्या खाली बाकीची पोरं. सगळे जन्माला येतात ते नर म्हणून. मादी गेली की तिचा नर मादी होतो आणि पुढचा पोरगा नर म्हणून बढती घेतो. पदक्रम मोडू नये म्हणून खालचा मासा मुद्दाम वाढ रोखून धरतो. तुमच्याकडे सध्या हेच ठरतंय. लहाना जर अंग तिरकं करून थरथरत असेल, तर तो म्हणतोय, 'मान्य, बाई, तुम्हीच मोठ्या.' मोठी थोडं टोचून पुढे जाते. हे चालू द्या. एकाला काढलंत तर उरलेल्याच्या नशिबी एकटेपण. पंख फाटले, लहाना कोपऱ्यात पृष्ठभागाशी लपून राहिला, जेवायला येईना, तर मात्र मध्ये जाळी लावा. दोघं जवळपास एकाच आकाराचे आणि दोघंही मोठे असतील तर दोन माद्या असण्याची शक्यता आहे, मग हे जमणार नाही. तुम्ही मोठा-लहान असं लिहिलंय, त्यावरून मला आशा वाटते.

आतापर्यंतचं थोडक्यात: रास उपाशी आणि झाकणाविना, मँडरिन उपाशी, टँग कोंडलेला आणि आजारी, तारामासा पाण्याने, ॲनिमोन पंपाने. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट, कोरी टाकी. दगडांवर आणि रेतीत जिवाणू बसतात, ते माशांच्या अंगातून, मुख्यतः कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे एक संध्याकाळही गेली नव्हती.

आता पुढे काय. व्हाइट स्पॉटचा परजीवी अजून तुमच्या टाकीत आहे, क्लाउनच्या अंगावर ठिपके नसले तरी. त्याला माशाशिवाय जगता येत नाही. म्हणून दोन्ही क्लाउन एका वेगळ्या, साध्या प्लास्टिकच्या टबात हलवा: हीटर, स्पंजचा फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, बास. तिथे तांब्याचं औषध द्यायचं, आणि तांब्याची पातळी मोजणारा किट घेऊनच, अंदाजाने नाही. हे औषध मुख्य टाकीत चुकूनही टाकू नका, कोळंबी-गोगलगायींना तांबं म्हणजे विष, आणि ते दगडांत मुरून बसतं. मुख्य टाकी अकरा आठवडे माशांविना ठेवा. हा काळ वाया जात नाही, याच काळात जिवाणू बसतात.

पाणी स्वतः बनवा. तुमच्या टाकीत कडेपर्यंत भरलं तर १९० लिटर मावतं. आरओचं पाणी आणि सागरी टाकीचं मीठ, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला साडेसहा-सात किलो. हायड्रोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) १.०२५ आलं पाहिजे. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणून रोजची घट भरायची ती साध्या आरओ पाण्याने, खाऱ्या नव्हे. हे उलटं करणारे मला दर महिन्याला भेटतात. पिंपातलं 'समुद्राचं' पाणी कुठल्या किनाऱ्याचं, कधीचं हे कळायला मार्ग नाही. आणि कोणी ठाणे खाडीचं पाणी सुचवलं तर हसून सोडून द्या. खाडीत फ्लेमिंगोंना हवा तो गाळ आहे, पावसाळ्यात गोडं पाणी आहे, रीफच्या प्राण्यांना नेमकं या दोन्हींचं वावडं.

ठाण्यात उन्हाळ्यात बंद घरातली टाकी सहज ३१-३२ अंशांवर जाते. २६-२७ हवं. तीन फुटांच्या टाकीला पाण्यावर फिरणारे दोन छोटे पंखे बऱ्याचदा पुरतात, तीन-चार अंश उतरवतात, पण मग पाणी जास्त उडतं आणि रोज भरावं लागतं. हॉलमध्ये दिवसा एसी असतो का, खिडकी पश्चिमेला आहे का, यावर चिलर लागेल की नाही ते ठरेल. लाईट गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप मात्र घ्याच, तो टाकीतल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक आहे.

दुकानात गेल्यावर एक लक्षात ठेवा. कोणी 'लाइव्ह रॉक' (समुद्रातून काढलेला, जीव बसलेला दगड), कोरलचा म्हणजे प्रवाळाचा तुकडा, समुद्रघोडा, समुद्रकाकडी किंवा महाकाय शिंपला दाखवला तर घेऊ नका. आपल्या समुद्रातल्या अशा जिवांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. समुद्रकाकडी 'रेती साफ करते' म्हणून विकतात, आणि ते खरंही आहे: ग्रेट बॅरियर रीफवरच्या हेरॉन बेटाच्या एकाच रीफवर समुद्रकाकड्या वर्षाला ६४,००० टनांहून जास्त रेती पोटातून काढतात असा हिशोब झाला आहे. पण ते काम तिथे आणि आपल्या लक्षद्वीपमध्ये होऊ द्या. तुम्ही सिरॅमिकचे किंवा कोरडे कृत्रिम दगड घ्या, सहा महिन्यांत त्यांच्यावरही जीव बसतो.

राहता राहिली लेकीची मागणी. पूर्ण रीफ तिला देता येणार नाही, पण रीफवरचं एक खरंखुरं नातं तीन फुटांत सहज मावतं, आणि माझ्या अनुभवात मुलं त्यातच रमतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की, म्हणजे साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात, आधी चार-पाच गोगलगाई आणि एक क्लीनर कोळंबी आणा. लाल पाठ, मध्ये पांढरी रेघ. तिला मासे नसलेल्या टाकीत ठेवायला हरकत नाही, हा परजीवी तिच्यावर वाढत नाही. रास जे काम करतो तेच ही करते, पण परजीवी मिळाले नाहीत तर दाणेही खुशाल खाते. लेकीला हात स्वच्छ धुऊन, साबण अजिबात न राहू देता, बोटं पाण्यात स्थिर धरायला सांगा. दोन-तीन आठवड्यांत कोळंबी येऊन तिची नखं साफ करायला लागेल. ते पाहिल्यावर टँगचं नाव ती किती दिवस काढते ते मला कळवा.

अकरा आठवडे झाले की क्लाउन परत. त्यानंतर महिन्याभराने गोबी नावाचा एक छोटा मासा आणि एक पिस्तूल कोळंबी. कोळंबीला नीट दिसत नाही, ती दिवसभर रेतीत बीळ खणते. गोबीला खणता येत नाही पण दिसतं चांगलं. तो बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, आणि कोळंबी बाहेर आली की तिची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. त्याने शेपटी हलवली की दोघं आत. रीफवरही हे असंच चालतं, दर दिवशी, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. यांना तीन फूट पुरतात कारण समुद्रातही ते बिळापासून फार लांब जात नाहीत. रेती मात्र तीन इंच जाड हवी, आणि दगड रेतीवर नव्हे, थेट तळावर टेकवा, नाहीतर खणता खणता दगड अंगावर यायचा. बास, एवढीच वस्ती. त्यावर एकही नग नको, दुकानदार फुकट देत असला तरी. क्लाउन पुढेमागे आणखी घ्यावेसे वाटलेच तर हॅचरीत जन्मलेलेच मागा. केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनची पैदास आपल्याकडे केव्हाच जमवली आहे.

या अकरा आठवड्यांत लेकीला घेऊन ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जा. मोठी ओहोटी बघून एखाद्या रविवारी हाजी अली-वरळीच्या खडकांवरही जाऊन या. मुंबईला प्रवाळ नाही असं लोक समजतात. तिथल्या प्रवाळाच्या काही वसाहती २०२० साली कोस्टल रोडच्या कामासाठी उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या होत्या. हात लावायचा नाही, उचलायचं नाही, चप्पल जपून.

शेवटची एक गोष्ट, कारण यासाठी मला रात्री अकराला फोन येतात. क्लीनर कोळंबी तीनेक आठवड्यांनी कात टाकते. मिशांसकट, पायांसकट अख्खी कोळंबी तळाशी पांढरी पडलेली दिसते आणि घरात रडारड होते. जाळीने काढायची घाई करू नका. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा आणि दगडांच्या मागे बघा. ती तिथेच असते, नव्या मऊ अंगाची, लपलेली, दोन दिवस बाहेर यायला तयार नसलेली.